तीन वेढ्यांची गाठ

जुनी पवनचक्की दुरुस्त करायला घेतलेल्या रूलॉफने टाइप करून पाठवलेला कागद लाइसबेतने गाडीत बसल्या बसल्या वाचायला घेतला आणि चौथ्या ओळीवर ती थांबली. कागदावर लिहिलं होतं: ‘१९५६च्या मे महिन्यात चक्कीवाल्याचा धाकटा मुलगा पीम, वय दोन वर्षे, पवनचक्कीच्या पात्याचा तडाखा बसून दगावला. त्याला दाराशी बांधून ठेवणारी दोरी त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीने बांधली होती. गाठ सुटली आणि मूल पात्यांखाली गेले.’

यात तिला नवं काहीच नव्हतं. बासष्ट वर्षं ती हे उशाशी घेऊन झोपत आली होती. पण मनात असलेली गोष्ट वेगळी आणि तीच काळ्या शाईत तारखेसकट समोर येणं वेगळं. हा मजकूर पाटीवर चढणार होता. पाटी चक्कीच्या दाराबाहेर लागणार होती आणि रविवारी सायकलवरून येणारी माणसं पाव-चीज खात खात ती वाचणार होती.

“हे तू सांगितलंस त्याला?” तिने भावाला विचारलं.

वाउटर गाडी चालवत होता. वय त्र्याहत्तर, पण स्टिअरिंग धरायची तऱ्हा अजून ट्रॅक्टरवाल्याची. “गावातल्या म्हाताऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं मला विचारलं, मी हो म्हटलं. तुला नको असेल तर काढायला लावू. चार ओळी कमी झाल्या म्हणून पाटी काही कोसळत नाही.”

“राहू दे. खरं आहे ते असू दे.”

वाउटरने खिशातून पेपरमिंटची नळी काढून तिच्यापुढे धरली. चर्चमध्ये प्रवचन लांबलं, कुणी आजारी पडलं, कुणी रडायला लागलं, की त्याच्याकडे औषध एकच. तिने एक गोळी घेतली आणि कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

लाइसबेतने लग्न केलं नव्हतं. विचारणारे दोघे होते, दोघेही भले होते, आणि दोघांनाही मुलं हवी होती. त्यामुळे दोघांनाही तिने दारातूनच परत पाठवलं आणि हॉस्पिटलच्या धुलाईघरात अडतीस वर्षं चादरी इस्त्री केल्या. चादर हातातून सुटली तर कुणी मरत नाही. वाउटरची पहिली मुलगी झाली तेव्हा तो बाळ घेऊन तिच्या घरी आला होता. “घे गं, काही होत नाही,” म्हणाला होता. तिने हात मागे बांधून घेतले. पण ते वाक्य तिने जपून ठेवलं. आख्ख्या जगात एकट्या वाउटरने आपल्याला माफ केलंय, एवढ्या आधारावर तिने दिवस काढले. दर शनिवारी तो यायचा, गळका नळ बघायचा, कॉफी प्यायचा, कॉफीबरोबर एकच बिस्कीट घ्यायचा आणि डबा स्वतःच बंद करायचा. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं ती शेजारणीला सांगायची.

आता वाउटरच्या नातीला मुलगा झाला होता. तीन आठवड्यांचा. या शनिवारी सगळे बघायला जमणार होते. लाइसबेतने लोकरीचे मोजे विणून पोस्टाने पाठवले होते आणि गुडघ्याचं कारण पुढे केलं होतं.

गाडी बांधावरून खाली उतरली आणि समोर तिसरी चक्की दिसली. या भागात शेतांतलं पाणी उपसणाऱ्या चक्क्यांना नावं नसत, नंबर असत. पहिली कालव्याच्या तोंडाशी, ती केव्हाच जळाली. दुसरी पाडली. राहिली ही तिसरी. हिच्या पोटात लाइसबेत जन्मली होती आणि अकराव्या वर्षी विजेचा पंप आला तेव्हा इथून बाहेर पडली होती. त्यानंतर तिने बांधावरचा रस्ताच टाकला. बाजाराला जायचं तर तीन किलोमीटरचा वळसा घालायची.

तिला वाटलं होतं, चक्की म्हातारी झाली असेल. ही तर सोलून ठेवली होती. अंगावरचं वाळक्या बोरूचं छप्पर अर्धं गळून आतल्या फासळ्या उघड्या पडल्या होत्या. चार पात्यांपैकी दोनच उरली होती. उरलेल्या दोनांपैकी खालच्या पात्याचं टोक गवतापासून वीतभर वर थांबलं होतं, पूर्वी थांबायचं तिथंच. सगळं मोडलं पण ते अंतर तेवढंच राहिलं होतं, आणि ते बघून लाइसबेतचे पाय गाडीच्या पायरीवरच अडकले.

“उतरा बाई, चावत नाही ती,” रूलॉफ समोर येऊन म्हणाला. हा पन्नाशीचा जाडजूड सुतार. पवनचक्की राखण मंडळाचा अध्यक्ष, चिटणीस आणि झाडूवाला सगळं तोच. दुरुस्ती सुरू होण्याआधी कुठे काय होतं ते आत राहिलेल्या माणसांनी दाखवावं म्हणून त्याने दोघांना बोलावलं होतं. त्याच्या एका हातात वही होती आणि दुसऱ्या हातात पहार.

“हिचे गुडघे दुखतात. शिड्या चढायच्या नाहीत,” वाउटर म्हणाला.

“गुडघे माझे आहेत,” लाइसबेत म्हणाली.

वाउटर पाणी उपसायचं मोठं चाक बघायला निघून गेला. चाकाची लाकडं शेवाळाने हिरवी झाली होती. त्याने हात मागे बांधले आणि त्या चाकाकडे तो असा बघत राहिला जणू कुणी ते विकायला काढलंय.

कालव्याकडच्या दाराने लाइसबेत आणि रूलॉफ आत गेले. आत डांबराचा, उंदरांचा आणि जुन्या डुकराच्या चरबीचा वास होता. बाबा चाकांच्या लाकडी दात्यांना चरबी लावायचे, तो वास अजून गेला नव्हता. भिंतीतला पलंग तिथंच होता. दोन माणसांनी उशांना टेकून, अर्धवट बसून झोपावं एवढाच लांब. त्याच्या पायथ्याशी फळी होती, तिच्यावर पीमची टोपली असायची. लाइसबेतने फळीवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

“ही कडी कशाची?” रूलॉफने दाराच्या चौकटीत, गुडघ्याइतक्या उंचीवर, आतल्या बाजूने ठोकलेली लोखंडी कडी दाखवली.

“पोराची.” तिचा आवाज सरळ आला, याचं तिलाच नवल वाटलं. “चालायला लागलेलं पोर इकडे गेलं तर कालवा, तिकडे गेलं तर पाती. मग त्याच्या छातीला चामड्याचा पट्टा घालायचा, दोरी उंबऱ्यावरून आत घ्यायची आणि कडीला बांधायची. आतून आईला ओढून बघता यायचं, पोर आहे की नाही. दोन्ही दारांना एकेक कडी. पाती ज्या बाजूला, त्याच्या उलट दारी पोर.”

“आणि वारा फिरला की?”

“टोपी वळवायची. म्हणजे वरचं डोकं, पात्यांसकट. पण आधी पोर हलवायचं, मग टोपी. बाबा ब्रेकची लांब दोरी धरून बाजूच्या अंगाला उभे राहायचे. तिथून कुठलंच दार दिसत नाही, चक्कीचा घेर आड येतो. म्हणून ते ओरडून विचारायचे, ‘पोर कुठंय?’ टोपी वळवायचं मागचं चाक, शेपटाचं, ते फिरवणाऱ्यानं बघून यायचं आणि ओरडून सांगायचं, ‘कालव्याच्या दारी,’ नाहीतर ‘बांधाच्या दारी.’ ते ऐकल्याशिवाय बाबा ब्रेक सोडायचे नाहीत. माझ्या वेळी असंच, वाउटरच्या वेळी असंच, बाबा लहान असताना असंच.”

रूलॉफ भराभर लिहून घेत होता. लिहिता लिहिता त्याने मान वर केली. “आणि गाठ?”

“गाठ बाबांनी शिकवली. दोन वेढे घ्यायचे आणि शेपूट खालून ओढायचं. मी तीन घ्यायची. दोन पुरतील असा मला भरवसाच वाटायचा नाही. बाबा हसायचे. ‘लाइसबेत, तू पीमला बांधतेयस की जहाजाला?’” ती थांबली. “त्या दिवशी आई कपडे धूत होती. मी बांधला. इथं, या कडीला. आणि ती सुटली. तुमच्या कागदात आहे ते बरोबर आहे.”

सुताराची जात, रूलॉफने चौकटीवर नख खुपसून लाकूड किडलंय का ते बघितलं.

त्या दुपारचं लाइसबेतला फार थोडं आठवत होतं. शेजारच्या शेतातली बाई तिला उचलून घेऊन गेली होती. रात्री परत आणलं तेव्हा चक्की फिरत होती. पाणी चढलं होतं, खालची शेतं बुडाली असती, त्यामुळे बाबांनी त्याच संध्याकाळी तीच पाती परत वाऱ्यावर सोडली होती. दुसऱ्या दिवशी आईने तिला ताकातली पेज भरवली आणि भरवता भरवता म्हणाली, “तुझी गाठ सुटली गं बाळा. तू लहान होतीस. आपण यावर परत बोलायचं नाही.” आणि खरंच, आई मरेपर्यंत घरात कुणी बोललं नाही. बाबांनी तिला नंतर कधी बकरीसुद्धा बांधायला सांगितली नाही.

रूलॉफ शिडी चढला. त्याच्यामागून लाइसबेतही चढली, एकेक पायरी मोजत, गुडघ्याला शिव्या देत. दुसऱ्या मजल्यावर कावळ्यांनी काटक्यांचा ढीग घातला होता. तिसऱ्यावर फळ्या निखळल्या होत्या, तिथं रूलॉफने आडवी शिडी टाकून वाट केली. वर टोपीत पोचल्यावर तिला धापेने काही सुचेना. दात्यांचं मोठं चाक अंधारात उभं होतं आणि त्याला मिठी मारून बसलेला लाकडी ब्रेक होता. फटीतून येणाऱ्या उजेडात दिसलं की तुळईवर पेन्सिलीची अक्षरं आहेत.

“हे बघा, हे मला फार आवडतं,” रूलॉफ उत्साहाने म्हणाला. “तुमचे वडील वाऱ्याची नोंद तुळईवर ठेवायचे. चरबी लावायला वर आले की लिहायचे. सगळी वर्षं आहेत. हे ’५४. हे ’५५.” त्याने बोट सरकवत नेलं, आणि मग त्याचा आवाज आपोआप खाली आला. “हा तो मे महिना.”

बाबांचं अक्षर तिने लगेच ओळखलं. बारा मे, पूर्व. तेरा मे, पूर्व. चौदा मे, सकाळी पूर्व, दुपारी पश्चिम. टोपी वळवली. पुढे जून उजाडेपर्यंत तुळई कोरी होती.

“चौदा मे,” ती म्हणाली.

“हो. तीच तारीख ना?”

तारीख तीच होती. पण त्या दिवशी पहाटेपासून पश्चिमेचा वारा होता. असं आईने शेजाऱ्यांना सांगितलं होतं, बाबांनी फौजदाराला सांगितलं होतं, वाउटर सगळ्यांना सांगत आला होता. पश्चिमेचा वारा म्हणजे पाती बांधाच्या बाजूला आणि पीम कालव्याच्या दारी. तिथून गाठ सुटून पोर अर्धा वळसा घालून पात्यांशी गेलं. बासष्ट वर्षं तिने ते पोर मनातल्या मनात तो वळसा घालताना बघितलं होतं. दुडूदुडू, एका हाताने भिंत धरून.

पण सकाळी पूर्वेचा वारा असेल तर पाती कालव्याच्या बाजूला होती. मग सहा वर्षांच्या मुलीने आपल्या भावाला कालव्याच्या दारी, पात्यांच्या तोंडाशी, बांधलंच कसं असेल? तिने खांब धरला.

“बाई, बसता का जरा?”

“खाली चला,” ती म्हणाली. “मला दुसरं दार बघायचंय.”

उतरताना आपले गुडघे दुखतात हे ती विसरून गेली. खाली वाउटर दारात उभा होता. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचा हात खिशात पेपरमिंटकडे गेला.

“वाउटर, त्या दिवशी टोपी वळवली होती?”

“कुठल्या दिवशी?”

“वेड पांघरू नकोस.”

“मला नाही आठवत. साठ वर्षं झाली, लाइसबेत. मला कालची भाजी आठवत नाही.”

बांधाकडचं दार बाबांनी दफनाच्या दुसऱ्याच दिवशी आतून फळ्या मारून बंद केलं होतं आणि त्याच्यासमोर कपड्यांचं कपाट सरकवलं होतं. वारा पूर्वेचा असला म्हणजे कालव्याकडच्या दारासमोर पाती फिरायची, मग घरातली सगळी उत्तरेच्या खिडकीतून स्टूल लावून ये-जा करायची. गावात थट्टा व्हायची, चक्कीवाल्याच्या घरी पाहुणा पण खिडकीतून येतो. लाइसबेतला वाटायचं, बाबांना त्या बाजूचं गवत बघवत नाही. त्यात विचित्र काही आहे असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

“मलाही हे कोडंच पडलंय,” रूलॉफ म्हणाला. “दोन दारं असतात ती काही हौसेनं नाही. आपलंच एक दार बुजवणारा चक्कीवाला मी दुसरा बघितला नाही. तसाही मला तो उंबरा तपासायचाच आहे.”

“कपाटाला हात लावू नको,” वाउटर म्हणाला. त्याचा आवाज अचानक चढला होता. “जमीन कुजलीय तिथली. कुणाचा पाय गेला तर? आज राहू दे. तुझी माणसं आली की कर.”

“माझी माणसं म्हणजे मीच, वाउटर,” रूलॉफ हसून म्हणाला आणि त्याने कपाटाला खांदा लावला. कपाट सरकलं नाही, ते जागच्या जागी बसलं. वाळवीने आतून पोकळ केलेलं लाकूड धुरळा होऊन खाली आलं. मागे सात फळ्या होत्या. रूलॉफने पहार घातली. पहिली फळी निघाली, दुसरी निघाली. प्रत्येक खिळा निघताना किंचाळत होता. वाउटर मागे सरकत सरकत पलंगाच्या कडेवर जाऊन बसला.

पाचवी फळी निघाली तेव्हा चौकटीतली कडी दिसली. कडी रिकामी नव्हती.

डांबर लावलेल्या दोरीचा वीतभर तुकडा कडीला बांधलेला होता. एवढी वर्षं फळ्यांमागे कोरड्यात राहून तो काळाठिक्कर झाला होता, पण कुजला नव्हता. टोक सुरीने कापलेलं होतं, सरळ. लाइसबेत खाली बसली. जमीन कुजली होती की नव्हती तिने बघितलं नाही. तिने चष्मा वर केला आणि गाठीला बोट लावलं. एक वेढा. दुसरा वेढा. तिसरा. शेपूट खालून ओढलेलं.

गाठ इतकी आवळली गेली होती की वेढे एकमेकांत रुतून लाकडासारखे झाले होते. माणसाच्या हाताला एवढा जोर नसतो. सहा वर्षांच्या मुलीच्या हाताला तर नाहीच.

“ही सुटली नाही,” ती म्हणाली.

रूलॉफ पहार हातात धरून तसाच उभा होता. त्याच्या तोंडावरून दिसत होतं की त्यालाही कळलंय आणि आपल्याला कळलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटतंय.

“वाउटर, ही माझी गाठ आहे. ही सुटली नाही. तो इथं बांधलेला होता. तुम्ही पाती त्याच्यावर आणली.” तिने गाठ मुठीत धरली होती. “तो बांधलेला होता, वाउटर. त्याला पळतासुद्धा आलं नाही.”

वाउटरने दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. मग तो बोलायला लागला, आणि आवाज म्हाताऱ्याचा असून बोलणं मात्र अकरा वर्षांच्या मुलाचं निघालं.

“पश्चिमेकडून काळं वादळ आलं. चाक मी फिरवत होतो. एकटाच. माझे हात सोलले होते. टोपी वळली आणि बाबा ओरडले, ‘पोर कुठंय?’ मी म्हटलं, ‘कालव्याच्या दारी.’”

“तू बघितलंस?”

“नाही.”

“का नाही?”

“मला वाटलं आईनं आत घेतलं असेल. पाऊस येणार होता. मला परत पुढं जायचा कंटाळा आला. कंटाळा आला, लाइसबेत. दुसरं काही कारण नाही. मी खूप शोधलं, दुसरं कारण सापडत नाही.”

बाहेर बांधावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

“बाबांना गाठ सोडवेना, म्हणून त्यांनी कापली,” तो पुढे म्हणाला. “पट्टा जाळला. मी म्हणत होतो, मी कालव्यात उडी मारतो. आईनं मला या पलंगात धरून ठेवलं. रात्रभर. सकाळी ती बाबांना म्हणाली, ‘एक गेला, दुसरा घालवायचा नाही. वाउटरला कळतं, हा जगायचा नाही. लाइसबेत लहान आहे. ती विसरेल.’”

पेज भरवणारा आईचा हात लाइसबेतला स्पष्ट दिसला. चमच्याच्या कडेला राहिलेलं ताक बोटाने पुसून तिच्या ओठाला लावणारा. तो हात तिला आयुष्यभर मायेचा वाटला होता. मायेचा होताही, पण ती माया तिच्या वाट्याची नव्हती.

“मी विसरले नाही,” ती म्हणाली.

“मला माहितीय.”

“तुला माहितीय? तुझी आना झाली तेव्हा मी हात मागे बांधून उभी होते, तेव्हा तुला माहीत होतं? मला मागणी घालणाऱ्या त्या शिक्षकाला मी परत पाठवलं तेव्हा? तू माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याला वेडा म्हणालास आणि मला पेपरमिंट दिलीस.”

“दर शनिवारी सांगायचं ठरवून यायचो.”

“आणि नळ दुरुस्त करून जायचास.”

“आई गेल्यावर सांगणार होतो. मग वाटलं आता काय उपयोग. मग—”

“मग माझ्या मातीच्या दिवशी सांगणार होतास. खड्ड्यात वाकून.”

वाउटर रडायला लागला. त्याला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. खांदे हलत होते आणि नाकातून पाणी येत होतं. सवयीने तिचा हात त्याच्या पाठीकडे निघाला आणि मध्येच थांबला. या माणसाने आपल्याला माफ केलं म्हणून तिने याचे किती उपकार मानले होते. दर वाढदिवसाला याच्यासाठी स्वेटर विणला होता. बासष्ट स्वेटर नसतील, पण चाळीस तरी असतील. तो आत्ता घातलेला निळाही तिचाच होता.

रूलॉफने घसा साफ केला. “मी बाहेर थांबतो. आणि तो कागद… तो मी फाडून टाकतो, बाई. पाटीवर पीमचं काहीच घालायचं नाही. चक्की, साल, पाण्याची पातळी, बस.”

“थांबा,” लाइसबेत म्हणाली. ती चौकटीला धरून उठली. “पीमचं घालायचं. साठ वर्षं गावानं माझं नाव घेतलंय. वही काढा. वाउटर सांगेल, तुम्ही लिहा.”

रूलॉफने वाउटरकडे बघितलं. वाउटरने बाहीने तोंड पुसलं.

“लिही,” तो शेवटी म्हणाला. “टोपी वळवली तेव्हा मूल बांधाच्या दारी बांधलेलं होतं. गाठ पक्की होती. भावाने न बघता सांगितलं.” मग त्याने विचारलं, “माझं वय घालायचं का?”

“घाल,” लाइसबेत म्हणाली. “अकरा. माझं घातलं होतंत, तुझंही असू दे.”

रूलॉफने उरलेल्या दोन फळ्या काढल्या आणि दार लोटलं. बिजागऱ्या गंजल्या होत्या, दार हातभर उघडून अडलं. बाहेर बांधाच्या बाजूचं गवत होतं, उंच वाढलेलं, त्यात पिवळी फुलं होती. लाइसबेत त्या फटीतून आडवी होऊन बाहेर पडली. या दाराने ती शेवटची बाहेर पडली होती ती चौदा मेच्या सकाळी, पीमचा पट्टा घट्ट आहे ना ते बघून.

वाउटर तिच्यामागून आला आणि उंबऱ्यापाशीच थांबला. “लाइसबेत, मी काय करू ते सांग.”

ती गवतात उभी राहून आपल्या हातांकडे बघत होती. इस्त्रीचे जुने चटके, सुजलेले सांधे. तीन वेढे घेणारे हात.

“शनिवारी मला न्यायला ये,” ती म्हणाली. “दहा वाजता. तुझ्या पणतवाला मी मांडीवर घेणार आहे. सगळे विचारतील, आत्या आज कशी काय घेतेय. तेव्हा तू उभं राहून सांगायचंस, इतके दिवस ती का घेत नव्हती. आनाला, तिच्या नवऱ्याला, सगळ्या पोरांना. मी बाळाला धरून बसलेली असेन, मी एक शब्द बोलणार नाही.”

“आणि नंतर?”

“नंतरचं मला माहीत नाही, वाउटर. आत्ता मला घरी सोड.”

ते गाडीकडे निघाले. वाटेत वाउटरचा हात खिशात गेला आणि तसाच रिकामा बाहेर आला.